'द कलर अँड द शेप' : ड्रमच्या स्टुलावरून

अमेरिकन रॉक बँड फू फायटर्सचा 1997चा अल्बम 'द कलर अँड द शेप' परवा पुन्हा ऐकला. हेडफोन लावून, तेराच्या तेरा गाणी, एकही न गाळता. मी ड्रम शिकवते, त्यामुळे कान आधी तिकडेच जातात. या अल्बममध्ये ते तिकडेच जायला हवेत.

आधीचा, 1995चा अल्बम बँडचा गायक डेव्ह ग्रोलनं जवळजवळ एकट्यानंच वाजवला होता. तो बाहेर आला तेव्हा कर्ट कोबेनला, ग्रोल आधी ज्यात ड्रम वाजवायचा त्या निर्वाणा बँडच्या गायकाला, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. हा दुसरा मात्र अख्ख्या बँडचा व्हायचा होता: बेसवर नेट मेंडेल, गिटारवर पॅट स्मिअर, ड्रमवर विल्यम गोल्डस्मिथ. वॉशिंग्टन राज्यात झालेलं रेकॉर्डिंग ग्रोलच्या मनाला येईना. मग हॉलिवूडमध्ये नव्यानं बसून त्यानं गोल्डस्मिथचे बहुतेक ड्रम स्वतःच पुन्हा वाजवले. गोल्डस्मिथ बँड सोडून गेला.

मला हे अजून लागतं. आमच्या बँडच्या डेमोवर माझ्या जागी एकदा दुसऱ्याचं वाजवणं घातलं होतं, मला न सांगता. गाडीत ऐकताना पहिल्याच फिलला (दोन ओळींमधल्या ड्रमच्या छोट्या तुकड्याला) कळलं, हे हात माझे नाहीत.

आणि तरी 'एव्हरलाँग' लागलं की मी गप्प होते. मिनिटाला साधारण 158 मात्रा, त्यात हाय-हॅटवर (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीवर) दोन्ही हातांनी मात्रेला चार ठोके; तबलजी म्हणतील चौगुन. मनगट जरासं आवळलं तरी कडवं संपेपर्यंत हात भरून येतो. ग्रोलचा हात कुठेच जड होत नाही. गिटारची सगळ्यात जाड तार एक स्वर खाली उतरवलेली आहे, त्यामुळे तानपुऱ्यासारखा एक घुमारा गाण्याच्या तळाशी धरून राहतो. मधे सगळं थांबतं, कुजबुज ऐकू येते, आणि ड्रम परत येतात तेव्हा माझ्या अंगावर आजही काटा येतो.

'माय हिरो'मध्ये ड्रम दोनदा वाजवून एकावर एक चढवलेत. मोबाइलच्या स्पीकरवर ते कळत नाही, नीट हेडफोन घ्या. 'मंकी रेंच'मधली ती एका दमात ओरडलेली ओळ तर ऐकतानाच आपला श्वास अडकतो. 'फेब्रुवारी स्टार्स' अर्ध्याहून जास्त वेळ दबक्या आवाजात चालतं आणि मग फुटतं. इतका धीर धरणारी गाणी थोडी. निर्माता गिल नॉर्टननं, ज्यानं पिक्सीज या रॉक बँडबरोबर काम केलं होतं, वाजवणं घासूनपुसून घेतलंय ते जाणवतं. 'इनफ स्पेस' मला नुसतं आरडाओरड वाटतं, 'सी यू' हलकंफुलकं, बस.

ग्रोलचं लग्न त्याच सुमारास मोडत होतं. 'वॉकिंग आफ्टर यू' रात्री, दिवे घालवून ऐका.

'एव्हरलाँग' शिकायला कुणी आलं की पहिल्या दिवशी मी फक्त हाय-हॅट वाजवून घेते. आणि घरी जाण्याआधी गोल्डस्मिथचं नाव वहीत लिहायला लावते.