स्पॅनिशमध्ये नम्रपणे तक्रार करायला शिकायचंय: स्पेनची पद्धत धरू की मेक्सिकोची?

बेसिक स्पॅनिश झालं की खरी अडचण इथे येते, जेवण भलतंच आलं, रूमचा एसी बंद, बिलात काहीतरी जास्तीचं लावलंय, आता समोरच्याला न दुखावता बोलायचं कसं? आणि याचं उत्तर सगळीकडे एक नाहीये.

स्पेनमध्ये वेटरला 'पेर्दोना' म्हणायचं, बऱ्याचदा 'ओये, पेर्दोना', आणि बोलणं सरळ 'तू'वर. हा तू उच्चारानेही आपल्या तू सारखाच, पण तिकडे अनोळखी माणसालाही चालतो, कोणी राग मानत नाही. मग लगेच मुद्दा, 'एस्तो नो एस लो के एमोस पेदिदो', हे आम्ही मागवलेलं नाही. एवढं पुरतं, आवाज फक्त शांत हवा.

मेक्सिकोत हेच वाक्य एकदम टाकलं तर कडक वाटतं. तिथे 'दिस्कुल्पे', मग 'उस्तेद' म्हणजे आपलं तुम्ही, मग 'दिस्कुल्पे ला मोलेस्तिया', त्रास देतोय माफ करा, मग 'फिखेसे के...' म्हणजे 'त्याचं काय झालंय ना...' आणि नंतर कुठे तक्रार.

आता मराठी माणसाचा फायदा सांगतो, जो मला फार उशिरा कळला. आपण 'मला एक विचारायचं होतं' म्हणतो ना, विचारायचं आत्ताच असतं पण बोलतो भूतकाळात, स्पॅनिशमध्ये अगदी तेच, 'केरिया प्रेगुन्तार्ले ऊना कोसा'. आणि 'तुम्ही सॅलड विसरलात' असं तोंडावर न म्हणता आपण 'तुमच्याकडून सॅलड राहिलं वाटतं' म्हणतो, त्याला तिकडे 'से लेस ओल्विदो ला एन्सालादा', दोष माणसावर येतच नाही. ही दोन वळणं दोन्ही देशांत चालतात, म्हणून कुठलीही बाजू घ्या पण आधी ही पाठ करा. आणि इंग्लिशमधून भाषांतर करत बसू नका, मराठीतून जास्त जवळ पडतं.

गोड बोलून भागलं नाही तर? स्पेनमध्ये दुकानात, हॉटेलात 'ओखा दे रेक्लामाथियोनेस' म्हणजे तक्रारीचा छापील फॉर्म ठेवावाच लागतो, तसा बोर्डही लावलेला असतो, शांतपणे तो मागितला तरी अनेकदा काम होतं. मेक्सिकोत अशा वेळी प्रोफेको, ग्राहकांसाठीची सरकारी संस्था, 1976 पासून आहे. अर्जेंटिनाला जाणार असाल तर तू च्या जागी 'वोस' येतं, ते तिथे गेल्यावर जमतं.

माझं मत, स्पेनमध्ये मास्टर्स वगैरे नक्की असेल तर स्पेनची पद्धत, तिथे सारखं उस्तेद केलं तर बरोबरीची मुलं लांबच राहतील. बाकी काही ठरलं नसेल किंवा कस्टमर सपोर्टची नोकरी बघताय तर मेक्सिकोची घ्या, कारण उस्तेद वरून तू वर यायला समोरचाच सांगतो, उलटं झालं की आधी वाईट वाटलेलं असतं.

फक्त एक धोका आहे. मी मेक्सिकन कस्टमर्सचे कॉल घ्यायचो तेव्हा एका बाईंनी दोन-तीनदा 'दिस्कुल्पे ला मोलेस्तिया' म्हटलं, इतकं मऊ बोलल्या की मी साधी चौकशी समजून कॉल मागे ठेवला, आणि त्यांची लाइन चार दिवस बंद होती. ते मला अजून लागतं. म्हणून मेक्सिकन पद्धत शिकताना 'मे उर्खे', मला तातडीने हवंय, हे दोन शब्दही सोबतच शिका, सगळं नम्र बोलून झालं की शेवटी तेवढं म्हणायचं, ते उद्धट वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला घाई कळते.