मिलिटरी डिस्पोजलची महिंद्र 550 : चार पावसाळे वापरून झाल्यावर

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीहून चोर्ल्याकडे जाणारा डांबरी रस्ता सोडला की दोन किलोमीटर आत आमचं भात आणि काजू. जून ते सप्टेंबर त्या वाटेनं ट्रॅक्टरशिवाय काही जात नव्हतं. दुधाचे कॅन, खताची पोती आणि वेळ आली तर आजारी माणूससुद्धा ट्रॉलीतूनच. म्हणून 2021 साली लष्करातून निघालेली महिंद्र एमएम 550 एक्सडीबी घेतली. डिझेल, फोर बाय फोर, मागं ताडपत्रीचा हूड. थेट लिलावात नाही, तिथून उचलून विकणाऱ्या महाराष्ट्रातल्या एका दलालाकडून.

दलाल म्हणाला, गाडी 2001 ची, साडेतीन लाख. पुढच्या बंपरवर लष्कराचा जुना, बाणाच्या खुणेनं सुरू होणारा नंबर पुसट दिसत होता. आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीत ड्रायव्हर होते. त्यांनी वाकून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "बाणाफुडचे दोन आकडे बघ. 97 हाय. ते गाडी लष्करात आल्याचं साल असतंय." दलालाला तेच दाखवलं आणि चाळीस हजार कमी झाले. नंबरची पाटी खोडलेली असेल तर कागद दुप्पट बारकाईनं बघा. चेसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशनं घासून, लष्कराच्या रिलीज ऑर्डरवरच्या (गाडी सोडल्याच्या कागदावरच्या) नंबराशी आकडान् आकडा जुळवा. माझा जुळला, तरी दुसऱ्या राज्याची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला कर्नाटकाचा टॅक्स आणि बेळगावचा केए-22 चा नंबर मिळेपर्यंत सात महिने गेले. कन्नड अर्ज शेजारच्या मुलानं भरून दिले, नाहीतर आणखी गेले असते. ते सात महिने गाडी गोठ्याशेजारी उभी होती, हे हिशेबात धरा.

रंगाचंही आधीच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. बरेच जण हौसेनं तोच ठेवतात. मी विटकरी दिला. आबांना दोन दिवस वाईट वाटलं.

आता गाडी. इंजिन 2498 सीसी, प्युजोच्या रचनेचं. डिझेल आधी इंजिनाच्या हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटतं आणि मग सिलिंडरात येतं, त्यामुळं थंड इंजिनाला हीटर प्लग तापवल्याशिवाय भागत नाही. डिसेंबरच्या सकाळी मी वीस मोजतो, मग सेल्फ मारतो. एक प्लग गेला तरी पांढरा धूर आणि थरथर लगेच कळते. इंजिनावर इलेक्ट्रॉनिक भानगड काही नाही. डिझेलचे पंप-नोझल बेळगावात काढून कॅलिब्रेट करून (माप लावून) घेतले, त्यानंतर लिटरला दहा-साडेदहा मिळतात. पळवायला ही गाडी नाही. साठच्या पुढं आवाजानं शेजारच्याशी बोलता येत नाही.

पहिल्याच फेरीत चोर्ल्याच्या चढाला काटा लालवर गेला. रेडिएटर क्षारानं निम्मा बुजला होता. बेळगावच्या उद्यमबागेजवळच्या मिस्त्रींनी त्याचा चार रांगांचा नवा कोअर (आतली जाळी) बसवला, थर्मोस्टॅट आणि सगळे होज बदलले. त्याच खेपेला स्टिअरिंग बॉक्स उघडला, किंगपिनच्या (पुढची चाकं वळतात तिथल्या) बेअरिंग्ज टाकल्या, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले. एकूण अठ्ठावन्न हजार. बाहेरून काहीच दिसत नाही, पण माझ्या मते मॉडिफिकेशन म्हणायचं तर हेच.

कारण दिसणारं काम मी केलं होतं आणि ते उलटं फिरवावं लागलं. रुंद टायर बसवले. आमच्या लाल चिखलात रुंद टायर वरच तरंगतं आणि घसरतं. लष्कराचं 6.00-16 चं अरुंद, जाड गुट्ट्यांचं टायर चिखल कापून खालच्या घट्ट मुरमाला धरतं. शिवाय रुंद टायरांनी स्टिअरिंग इतकं जड झालं की मुलगी वळवूच शकेना. एका पावसाळ्यात परत अरुंद टायर घातले. कायद्याचंही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वरून सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. उंची वाढवणं, दुसरं इंजिन घालणं माझ्या डोक्यातून त्यामुळं कायमचं गेलं. मागच्या बाजूच्या सीट तशाच ठेवल्यात, त्या उचलल्या की आठ कॅन बसतात. खाली चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा पत्रा) टाकली, एवढंच.

एक गोष्ट मिस्त्री काढून टाकत होते, आबांनी अडवलं. लष्कराच्या गाडीत मागच्या ॲक्सलचा, म्हणजे दोन चाकांमधला, गोळा पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर उजेड पडेल असा एक छोटा दिवा खाली असतो. "रात्री कॉन्व्हॉयमध्ये, गाड्यांच्या ताफ्यात, हेडलाइट बंद. फुडच्या गाडीचा पांढरा गोळा बघूनच मागची गाडी चालायची," आबा सांगत होते. दिवा ठेवला. वायर नवी घातली. कणकुंबीकडं पावसात धुकं उतरतं तेव्हा मागून येणारा मेव्हणा त्याचाच आधार घेतो.

घेणाऱ्यांनी किमतीच्या निदान निम्मे पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवावेत. रोज बेळगावला नोकरीला जायचं असेल तर घेऊ नका. वाट माझ्यासारखी असेल तर घ्या, पण आधी मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि बॅटरीचा ट्रे बघा. माझ्या गाडीत बोट आरपार जात होतं.