ट्रेलर लावला की ट्रक थरथरतो: आधी टायरवाला की ड्राइव्हशाफ्टवाला?

रिकामा ट्रक मस्त पळतो, मागे ट्रेलर अडकवला की ताशी पन्नास मैलांच्या पुढे बुडाखाली घरघर सुरू होते, आणि मग ग्रुपवर दहा जणांचे दहा सल्ले. शेवटी प्रश्न एवढाच उरतो की पहिले पैसे कुणाला द्यायचे? टायरवाल्याकडे जाऊन रोड फोर्स बॅलन्सिंग करून घ्यायचं, की ड्राइव्हशाफ्टचं, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचं, काम करणारं दुकान शोधायचं. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. मेकॅनिक नाही हां, सॉफ्टवेअरवाला आहे, हाफ टन ट्रक (नेहमीच्या मापाचा पिकअप) आणि साधारण ५,००० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर (मागे ओढायचं फिरतं घर), कॅलिफोर्नियात बे एरियातून डोंगरातल्या टाहोकडे जाणारा, त्यामुळे तुमच्या गाडीत वेगळं काही निघालं तर मला धरू नका.

टायरवाल्याची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. दुकान कोपऱ्यावर असतं, अपॉइंटमेंट त्याच दिवशी मिळते, पैसे कमी, आणि थरथर म्हटलं की बहुतेक वेळा टायर, रिम नाहीतर बॅलन्सिंग यातलंच काहीतरी असतं. रोड फोर्सचं मशीन टायरवर रोलर दाबून फिरवतं त्यामुळे साध्या बॅलन्सिंगमध्ये न दिसणारा कडक-मऊ भागही सापडतो. स्टिअरिंग हलत असेल, किंवा रिकाम्या गाडीतही थोडंफार जाणवत असेल, तर पुढचं वाचूही नका, सरळ तिकडेच जा. आणि हो, मागच्या टायरची हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे आहे का ते घरीच बघा, त्यासाठी कुणाकडे जायला नको.

पण माझं घोडं अडलं ते इथेच. टायरवाला म्हणतो ट्रेलर घरी ठेवून या, आत जागा नाही. बरोबरच आहे त्याचं, पण मग तो तपासतो काय? रिकामा ट्रक! जो मुळात थरथरतच नाही! चाकं काढून मशीनवर लावली, प्रिंटआउट एकदम क्लीन, काउंटरवरचा पोरगा मोठ्या अभिमानाने हिरवे आकडे दाखवतो आणि शनिवारी ट्रेलर लावून ऐंशी नंबरच्या हायवेवर कोलफॅक्सच्या पुढे चढ लागला की परत तीच घरघर. तक्रार घेऊन गेलात की पुन्हा ट्रेलर घरी ठेवून या. दुकान चांगलं होतं, माणसंही चांगली, पण जो आजार फक्त ओझ्याखाली दिसतो तो ओझं उतरवून कसा सापडणार हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

ओझ्याने नेमकं काय बदलतं ते बघा. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या ट्रेलरच्या जोडणीवर येतो, म्हणजे माझ्या केसमध्ये ५०० ते ७५० पौंड. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सपाट होतात, ट्रक मागून बसतो, आणि वर चढावर जोर लागला की पाटे पिळले जाऊन डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या) पिनियनचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडलेलं टोक, वर उचललं जातं. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे (वाकून फिरणाऱ्या सांध्यांचे) कोन एकमेकांना जुळलेले असावे लागतात, साधारण एका अंशाच्या आत, आणि प्रत्येक कोन तीन अंशांच्या आत राहिला तर बरं असं शाफ्टवाले सांगतात. रिकामा असताना जुळलेलं गणित ओझ्याखाली बिघडतं. त्यात शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं (शाफ्टला मधोमध धरून ठेवणाऱ्या आधाराचं) रबर सैल पडलंय का तेही आलंच. सिग्नलवरून ट्रेलर घेऊन निघताना पहिल्या वीस-पंचवीस मैलांच्या वेगात गाडी हादरत असेल तर माझा पहिला संशय तिथेच.

कुठेही जायच्या आधी एक फुकटची टेस्ट करा. ताशी ५५ मैलांना (कॅलिफोर्नियात ट्रेलर असताना तेवढीच परवानगी आहे) माझ्यासारखे ३२ इंची टायर सेकंदाला जेमतेम दहा वेळा फिरतात आणि ३.५५ च्या रेशोने (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.५५ फेऱ्या) शाफ्ट साधारण ३४ वेळा. दहाचा हादरा अंगाला हलवतो, कपातली कॉफी हिंदकळताना दिसते. चौतीसचा दिसत नाही, चालू मिक्सरवर तळवा टेकवल्यासारखा सीटमधून झिणझिणतो. फोनवर कंपन मोजणारी ॲप मिळतात, फोन सीटच्या रेलजवळ घट्ट ठेवा आणि शेजारच्या माणसाला आकडा वाचायला सांगा, तुम्ही रस्त्याकडे बघा. मला तिशीच्या वरचा आकडा दिसला तेव्हा टायरवरचा संशय माझ्यापुरता संपला.

वेग तोच ठेवून गिअर एक खाली घ्या, हेही फुकट. घरघर तशीच राहिली तर इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मधला भाग) बहुतेक संशयातून सुटले. ट्रेलरवर संशय असेल तर ट्रेलर सोडवा आणि मागच्या फळीजवळ हिचवर येतो तेवढ्याच वजनाची वाळूची पोती टाकून फिरून या. थरथर आलीच तर दोष ट्रकचा. नाहीच आली तर शाफ्टवाल्याकडे जायच्या आधी ट्रेलरचे टायर आणि ॲक्सल बघून घ्या.

आता शाफ्टवाल्याचे तोटे. दुकानं कमी, माझं तर पाऊण तास लांब, शनिवारी बंद, वेबसाइट असून नसल्यासारखी, आणि काम निघालं तर बिल टायरवाल्यापेक्षा चांगलंच जास्त. पण फोनवर त्याने पहिलं वाक्य काय बोलावं? ट्रेलर लावूनच आण, टाक्या वगैरे नेहमीसारख्या भरलेल्या ठेव. तिथेच मी अर्धा विकला गेलो. त्याने अंगणातच ट्रेलर लावलेला असताना कोन मोजले, मग ट्रेलर सोडून परत मोजले, आणि दोन्ही आकडे माझ्यासमोर कागदावर मांडले. सेंटर बेअरिंगचं रबर ढिलं निघालं, आणि मागे पाटा आणि ॲक्सलच्या मधे दोन अंशांची पाचर बसली. चढावरची घरघर गेली. अगदी हलकासा गुणगुणाट जोर लावल्यावर अजून येतो, तो मी चालवून घेतो.

म्हणून रिकाम्यातही हलत असेल तर टायरवाला, फक्त ट्रेलरसोबत हलत असेल तर माझं मत शाफ्टवाल्याच्या बाजूने, थोडं लांब जावं लागलं तरी. नुकतेच नवीन टायर टाकले असतील तर आधी तिथे एक चक्कर मारायला हरकत नाही, वॉरंटीत असेल तर पैसेही नाही लागत. पण कुठेही जा, निघायच्या आधी फोन करून एवढं विचारा की ट्रेलर लावून आणला तर बघाल का.