कव्हेनंटची हत्यारं : काही महिने वापरून झाल्यावर

'हेलो' या व्हिडिओ गेमच्या दुनियेत माणसांकडे गोळ्या आहेत आणि कव्हेनंटकडे, म्हणजे माणसांशी लढणाऱ्या परग्रहवासीयांच्या आघाडीकडे, प्लाझ्मा. पहिला भाग २००१ साली एक्सबॉक्स या गेम कन्सोलवर आला. आपल्याकडे तेव्हा एक्सबॉक्स होता कोणाच्या घरी म्हणा! मी 'मास्टर चीफ कलेक्शन' हा जुन्या भागांचा संच पीसीवर घेतला आणि गेले काही महिने 'कॉम्बॅट इव्हॉल्व्ड' या पहिल्या भागापासून 'रीच'पर्यंत बहुतेक वेळ लेजेंडरीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, खेळतोय. कथेबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय, म्हणून इथे फक्त परग्रहवाल्यांच्या हत्यारांबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकतो: त्या अख्ख्या सैन्यात सगळ्यात किरकोळ जो ग्रंट, त्याच्या हातातलं प्लाझ्मा पिस्तूल हेच सगळ्यात कामाचं हत्यार आहे.

साधं ट्रिगर दाबत राहिलात तर ते काहीच नाही. हिरवे ठिपके पिचकारतं, बस. ट्रिगर दाबून धरा. नळीच्या टोकाशी हिरवा गोळा फुगत जातो, आवाज चढतो, पिस्तूल थरथरायला लागतं. समोरचा एलिट, म्हणजे कव्हेनंटचा तगडा योद्धा, टप्प्यात आला की सोडा. गोळा हवेत वळून त्याच्या मागे जातो आणि कितीही भरलेली असली तरी शिल्ड (अंगाभोवतीचं ऊर्जाकवच) एका फटक्यात उतरवतो. लगेच माणसांचं पिस्तूल काढायचं आणि डोक्यात एक गोळी. एलिट खलास. जाणकार खेळाडू याला नाकं मुरडतात, ऑनलाइन सामन्यांत तर 'नूब कॉम्बो' म्हणून हिणवतात. हिणवू देत. लेजेंडरीवर समोर चार एलिट उभे असले की हेच हिणवणारे आधी खाली पडलेलं हिरवं पिस्तूल शोधतात. 'हेलो ३'पासून तर तोच गोळा गाडीही काही क्षण बंद पाडतो, मात्र चार्ज धरून ठेवला की बॅटरी झरत राहते. कोपऱ्याआड उभं राहून आरामात वाट बघण्याची चैन तिथे संपली.

मुळात प्लाझ्मा शिल्डवर चालतो आणि गोळी अंगावर. हे गणित डोक्यात बसलं की दोन्ही बाजूंचं एकेक हत्यार जवळ ठेवायची सवय आपोआप लागते. प्लाझ्माच्या बहुतेक हत्यारांना रीलोड नाही. बॅटरी असते, टक्के दिसतात आणि सलग मारत राहिलात की ती तापते. तापली की हातात धुमसणारा ठोकळा घेऊन उभे राहा, समोरचा तोवर थांबत नाही. प्लाझ्मा रायफल यामुळे मला फार दिवस आवडली नाही. मग छोट्या छोट्या झटक्यांत मारायला लागलो आणि ती न तापता शिल्ड व्यवस्थित खाऊ लागली. बॅटरी पुन्हा भरता मात्र येत नाही. संपली की फेकायची आणि मेलेल्याच्या हातची उचलायची. लढाई संपल्यावर मी आता आधी पडलेल्या हत्यारांचे टक्के बघतो.

कथेतही ही हत्यारं काही कव्हेनंटच्या स्वतःच्या अकलेची नाहीत. त्यांनी बरंचसं तंत्रज्ञान फोररनर या लुप्त जमातीच्या अवशेषांवरून उचललेलं. अवशेष पवित्र मानायचे आणि त्यांचीच नक्कल करून बंदुका बनवायच्या, असा सगळा कारभार.

नीडलर या काटे मारणाऱ्या बंदुकीबद्दल माझं प्रेम आणि वैताग दोन्ही आहेत. गुलाबी स्फटिकांचे काटे पाठीवर उभे, मारले की लक्ष्याचा माग काढत जातात, अंगात रुततात आणि पुरेसे रुतले की एकदम फुटतात. पहिल्या भागात सात लागतात. बघायला बहारदार. पण काटे सावकाश उडतात आणि एलिट बाजूला उडी मारून निसटतो. जॅकल या कव्हेनंटच्याच दुसऱ्या जातीच्या सैनिकाच्या हातातल्या ढालीवर तर ते टपटप आपटून परततात. 'हेलो २'मध्ये दोन हातांत दोन नीडलर धरता येतात, पण त्यासाठी एकेकाची ताकद इतकी कमी केली की मजाच गेली. 'हेलो ३'ने पुन्हा एकाच हातात दिला आणि धार परत आणली. तिथला नीडलर मी डोळे झाकून उचलतो.

एनर्जी स्वोर्ड, म्हणजे ती निळी दुपाती तलवार. पहिल्या भागात ती फक्त एलिटच्या हाती दिसते. मालक मेला की तीही जाते. 'हेलो २'पासून आपल्याला मिळाली. झेप घेऊन एका वारात माणूस आडवा, हे खरं. पण लेजेंडरीवर समोरच्या बंदुकांमधून तिथवर पोचायचं कसं? नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीसारखी आहे ती, मिरवायला झकास. अपवाद फ्लड या परजीवी शत्रूंचा: ते स्वतःच अंगावर धावून येतात, तिथे तलवारीचं चीज होतं.

चिकटणाऱ्या प्लाझ्मा ग्रेनेडला मात्र पैकीच्या पैकी. निळा गोळा ग्रंटला चिकटवा. तो किंचाळत सैरावैरा पळतो, बऱ्याचदा आपल्याच मित्रांमध्ये जाऊन फुटतो. पळणाऱ्या एलिटला लांबून एक चिकटला की दिवस सार्थकी.

बीम रायफल या लांब पल्ल्याच्या बंदुकीबद्दल न बोललेलंच बरं. 'हेलो २' लेजेंडरीवर गच्चीगच्चीतून जॅकल ती घेऊन बसलेले असतात आणि एका फटक्यात आपल्याला मारून मागच्या चेकपॉइंटला पाठवतात. ते कुठे बसतात हे पाठ करण्यापलीकडे मला उपाय सापडला नाही.

'रीच'मधली नीडल रायफल हा माझ्या मते यातला सगळ्यात डोकं लावून केलेला प्रकार. लांबून हेडशॉटही बसतो, आणि शिल्ड उतरलेल्या अंगात तीन काटे गेले की स्फोटही होतो. सध्या दुसऱ्यांदा 'रीच' चालू आहे. एका हाती ही आणि दुसरं तेच ग्रंटचं हिरवं पिस्तूल, एवढ्यावर मी बहुतेक मिशन काढतोय. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हिरोइकवर, म्हणजे लेजेंडरीच्या एक पायरी खाली, खेळा. तिथे ही जोडी बसवायला वेळ मिळतो, लेजेंडरीवर तेवढी उसंत नसते.