एफटी२३२आरवाली सिरियल केबल: जुन्या सीएनसीला ड्रिप फीड करणाऱ्यांनी वाचा

बेळगावात उद्यमबाग, मच्छे साइडला अजून ढीगभर सीएनसी मशिनी, म्हणजे प्रोग्रॅमवर कापणाऱ्या, जुन्या फॅनक कंट्रोलच्या (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) हायत, मेमरी एवढीशी, फाउंड्रीच्या पॅटर्नचा (ओतकामाचा नमुना) थ्रीडी प्रोग्रॅम काही आत मावत नाही, मग पीसीवरनं आरएस-२३२ ने, म्हणजे जुन्या सिरियल केबलनं, ड्रिप फीड करायचं, मशीन कापत जाईल तसा थोडा थोडा प्रोग्रॅम पाठवायचा, आणि नवीन लॅपटॉपला सिरियल पोर्टच नसतंय म्हणून यूएसबी कन्व्हर्टर केबल आलीच. आमच्या शॉपवर एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर चिपची केबल लावलीय, तिच्याबद्दल लिहितोय. आधीच सांगतो, घ्या. पण घेऊन नुसती टोचली आणि झालं असं नाही, सेटिंग बघायला लागतंय.

दुकानात गेलं की पहिला डायलॉग स्पीडचा, "साहेब ही फास्ट हाय बघा". अरे, आपली मशीन ४८०० नाहीतर ९६०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) चालते, फास्टचं काय लोणचं घालू? खरा प्रश्न थांबायचा हाय. मशीनचा बफर, म्हणजे आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा, भरला की ती डीसी३ पाठवते, म्हणजे एक्स-ऑफ, "थांब" सांगणारं कॅरॅक्टर, आणि त्यानंतर जास्तीत जास्त १० कॅरॅक्टर घेते, त्याच्या वर आलं की अलार्म ०८७, बफर ओव्हरफ्लो, जॉब मधेच उभा. आता हिशोब करा. ७ बिट डेटा, एक इव्हन पॅरिटी (चूक तपासायचा बिट), २ स्टॉप, एक स्टार्ट, असे एका कॅरॅक्टरला ११ बिट. ९६०० ला सेकंदाला साधारण ८७२ कॅरॅक्टर जातात, म्हणजे १० कॅरॅक्टर साडेअकरा मिलिसेकंदात खल्लास. तेवढ्यात पाठवणाऱ्याने थांबायला पाहिजे.

आणि इथंच स्वस्तातल्या केबली मार खातात. आधी जी बिननावाची होती तिच्यात एक्स-ऑफ चिपमध्ये कळतच नव्हतं, ते कॅरॅक्टर यूएसबीवरनं पीसीला जाणार, ड्रायव्हर बघणार, मग पाठवणं बंद करणार, पण चिपच्या बफरमध्ये जे आधीच जाऊन बसलंय त्याचं काय? नळ बंद केला तरी पाइपातलं पाणी पडायचंच की. छोटा प्रोग्रॅम नीट जायचा, मोठा टाकला की ०८७, आणि ऑपरेटर मशीनला शिव्या घालणार.

एफटी२३२आरमध्ये पीसीकडनं आलेल्या डेटासाठी १२८ बाइटचा बफर हाय आणि मशीनकडनं येणाऱ्यासाठी २५६ चा. बफर मोठा म्हणजे चांगला असं सगळ्यांना वाटतंय, पण ड्रिप फीडला १२८ बाइट म्हणजे दीडशे मिलिसेकंदाच्या आसपासचा माल, तो थांबवता आला नाही तर मोठा बफर उलट घातच करतो. ही चिप आवडली ती एवढ्यासाठीच, एक्स-ऑन ("परत चालू कर") एक्स-ऑफ ती स्वतः आतच हाताळते, डीसी३ आलं की तिथंच ब्रेक, पीसीची वाट बघत नाही. फक्त डीएनसी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे पीसीवरनं प्रोग्रॅम पाठवतं त्यात, फ्लो कंट्रोल पोर्टच्या सेटिंगमधून एक्स-ऑन एक्स-ऑफ असं दिलेलं पाहिजे. काही जुनी सॉफ्टवेअर ते स्वतःच करायला जातात, मग चिपला कळतच नाही आणि परत तोच राडा.

दुसरं, लेटन्सी टायमर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्डमध्ये बघा, डिफॉल्ट १६ मिलिसेकंद असतंय. म्हणजे मशीनकडनं एखादं सुटं कॅरॅक्टर आलं तर चिप त्याला १६ मिलिसेकंदापर्यंत धरून ठेवू शकते. वर काढलेले साडेअकरा आठवा! सॉफ्टवेअर स्वतः एक्स-ऑफ बघणारं असेल तर हे १ वर आणा, निदान एक कारण कमी होतंय, पण १२८ बाइटचा प्रश्न त्यानं सुटत नाही हे लक्षात ठेवा.

आता डीएमएचं, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता डेटा आपोआप हलवायची सोय. आमच्या इथल्या एका पोरानं एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपवर डीएनसी बॉक्स केलाय, एसडी कार्डात प्रोग्रॅम, पीसीच नको. डीएमए लावलाय म्हणून लई कौतुक. या चिपच्या सिरियल पोर्टला फिफोच (रांगेचा बफर) नाही, त्यामुळं डीएमए लावला ते बरोबरच, नाहीतर प्रत्येक कॅरॅक्टरला इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक. पण मशीनकडनं आलेलं घेताना डीएमएचा गोल बफर अर्धा भरला की मगच बघायचं असा कोड असेल तर एकटं आलेलं डीसी३ बफरमध्ये नुसतं पडून राहणार. त्यासाठी आयडल लाइन इंटरप्ट चालू पाहिजे, एक कॅरॅक्टरएवढा वेळ लाइन शांत राहिली की तो लागतो, म्हणजे मिलिसेकंद-सव्वा मिलिसेकंदात कळतंय. मग पाठवणाऱ्या डीएमएची रिक्वेस्ट बंद करायची, रजिस्टरमधली एक-दोन कॅरॅक्टरच बाहेर जातात, दहाच्या आत. त्यानं हे केलंय, म्हणून बॉक्स चालतो बघा, नुसत्या डीएमएमुळं नाही.

केबलकडं येतो परत. डुप्लिकेट एफटी२३२ चा बाजार मोठा हाय. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी (ज्यावरनं पीसी चिप ओळखतो) शून्य करून टाकला होता, बोंबाबोंब झाली म्हणून ते विंडोज अपडेटमधनं काढलं, आणि २०१६ ला तर नकली चिप दिसली की ड्रायव्हर डेटाच्या जागी "अस्सल डिव्हाइस नाही" असा इंग्रजी मजकूरच पाठवायचा. विचार करा, कटर जॉबमध्ये आणि लाइनवर हा मजकूर! म्हणून बिल देणाऱ्याकडनंच घ्या, चिपचं नाव बिलावर लिहून मागा, टाळाटाळ केली तर पुढचं दुकान.

तक्रार एकच, आयसोलेशन नाही, म्हणजे पीसी आणि मशीन विजेनं एकमेकांपासून तोडलेली नाहीत. फर्नेस आणि वेल्डिंग शेजारी असलेल्या शॉपमध्ये पीसीचं आणि मशीनचं अर्थिंग वेगळं असेल तर पोर्ट उडायला वेळ लागत नाही, तिथं आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्यावा लागेल, तो महाग पडतो. बाकी स्वस्तातल्यापेक्षा हिचे पैसे चांगलेच जास्त जातात, पण एक पॅटर्न स्क्रॅप झाला तर ते का द्यायचे हे लगेच कळतंय.

पाचात चार स्टार. एक आयसोलेशनचा कापला.