मंगळागौरीच्या खेळांचा क्लास, डोंबिवली : वजन कमी करायला जिमऐवजी हे करून बघा

वजन कमी करायचंय पण जिममध्ये मन लागत नाही आणि एकटीने चालायला कंटाळा येतो, अशा बायकांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. मी डोंबिवली पूर्वेला मंगळागौरीचे खेळ शिकवणाऱ्या एका ग्रुपच्या क्लासला गेल्या उन्हाळ्यापासून जातेय. ग्रुपचं नाव आणि नंबर टाकत नाहीये कारण ताई घरगुती पद्धतीने क्लास चालवतात आणि त्यांना अनोळखी फोन नको असतात, पण असे ग्रुप ठाणे, पुणे, नाशिक सगळीकडे आहेत, तेव्हा जे लिहितेय ते तुमच्या जवळचा क्लास निवडताना उपयोगी पडेल.

आधी व्यवहाराचं सांगते. आठवड्यातून तीन संध्याकाळी, रात्री ८ ते सव्वानऊ, एका देवळाच्या हॉलमध्ये. फी महिन्याला ८०० रुपये, वर्षाचे पैसे एकदम घेत नाहीत, एखादा महिना नाही जमलं तर नाही. वेळ मला फार आवडली कारण सीएसटीवरून सव्वासहाची सुटका झालेली बाई लोकलने घरी येऊन कुकर लावून सुद्धा आठला पोचू शकते, बाकीचे सगळे क्लास एकतर सकाळी डब्याच्या वेळेला असतात नाहीतर दुपारी, म्हणजे नोकरी करणारीने करायचं काय.

ड्रेस पंजाबी किंवा लेगिंग-कुर्ता, ओढणी बांधून घ्यायची, अनवाणी खेळायचं. नऊवारी फक्त कार्यक्रमाला. बांगड्या काढून ठेवायला लावतात आणि ते बरोबरच आहे, काचेची बांगडी फुगडीत फुटली तर समोरचीच्या मनगटात जाते.

आता खेळांबद्दल. लोकांना वाटतं मंगळागौर म्हणजे श्रावणातली हौस, नवी नवरी, दोन फुगड्या आणि मग जेवण. एकदा तासभर सलग खेळून बघा. सुरुवातीला दहा मिनिटं वॉर्मअप, मान, खांदे, घोटे, मग झिम्मा. झिम्म्यात टाळ्यांचा ठेका धरून गोल फिरत वाकायचं, उठायचं, वळायचं, ते दिसायला हलकं वाटतं पण पाच मिनिटांत पाठीवरून घाम निथळायला लागतो. मग पिंगा, मग फुगड्या, आणि फुगड्यांचे प्रकार तरी किती, साधी, एका हाताची, दंड फुगडी, चौघींची, बस फुगडी, कासव फुगडी. शेवटी जमिनीवरचे खेळ. गाठोडं म्हणजे पाय दुमडून अंगठे धरून पाठीवर गडगडायचं, ज्यांना जिममधले क्रंचेस करून मान दुखते त्यांनी हे करावं, पोट दुसऱ्या दिवशी हसताना दुखतं. कोंबडा तर उकिडवं बसून उड्या, मांड्या भरून येतात. सूप नाचवणं सोपं वाटतं पण हात खांद्याच्या वर ठेवून नाचायचं असतं, त्यामुळे दंड दुखायला नक्की लागतात.

फुगडीबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळी गंमत तिथेच आहे. दोघींनी हात तिढा घालून धरायचे, पाय जवळजवळ, भार टाचांवर नाही, चवड्यांवर, आणि अंग मागे टाकायचं. दोघी एकमेकींना तोलून धरतात म्हणून पडत नाहीत. म्हणजे पकड, खांदे, पाठ, पोट, पिंडऱ्या सगळं एकाच वेळी कामाला लागतं, कुठलाही एक स्नायू सुटा धरून व्यायाम नाही. आणि माझ्यासारखीला सगळ्यात बरं वाटलं ते हे की जास्त वजन इथे अडचण ठरत नाही. ताई उंचीने आणि अंगाने साधारण सारख्या असलेल्यांच्या जोड्या लावतात, तोल बरोबर सांभाळला की फुगडी सुंदर फिरते आणि त्या वेगात आपण जड आहोत हे डोक्यातच येत नाही. ट्रेडमिलवर आरशासमोर मला दर मिनिटाला ते आठवायचं.

चक्कर येते का? सुरुवातीला येते, सगळ्यांना येते, कानाच्या आतल्या द्रवाला थांबायला वेळ लागतो म्हणून. ताईंनी शिकवलेलं असं की नजर आजूबाजूला फिरवायची नाही, समोरचीच्या चेहऱ्यावर ठेवायची, थांबताना एकदम हात सोडायचे नाहीत, वेग कमी करत करत थांबायचं आणि मग दोघींनी हात धरूनच उभं राहायचं. नंतर उलट्या दिशेने छोटी फुगडी. हात घामाने सुटतात तर टाल्कम पावडर लावू नका, ती फरशीवर पडते आणि मग पाय सटकतो, नॅपकिनने पुसायचे बस. धरताना बोटं नाही, मनगट.

दमाचं सांगायचं तर एक साधी कसोटी आहे जी डॉक्टर लोकही सांगतात, व्यायाम करताना बोलता येतंय पण गाता येत नाही म्हणजे मध्यम व्यायाम, आणि दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय म्हणजे जोराचा. इथे तर खेळताना गायचंच असतं! म्हणून स्टेजवर कार्यक्रम करणारे ग्रुप गाणाऱ्या बायका ढोलकीजवळ वेगळ्या बसवतात, खेळणारीला गाणं जड जातं. आमच्या क्लासमध्ये मात्र ताई खेळणाऱ्यांनाच गायला लावतात आणि मला हा त्यांचा हट्ट फार आवडतो, कारण पहिल्या आठवड्यात झिम्म्याच्या दुसऱ्या कडव्याला माझा आवाजच बंद व्हायचा, आता अख्खं गाणं म्हणते. वजनकाटा हलत नव्हता तेव्हा मला धीर त्या गाण्याने दिला. घड्याळ लावून बघितलं तर हृदयाचे ठोके मिनिटाला १३० ते १४५ च्या आसपास जातात. माझं वय ४६, जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय हा ढोबळ हिशोब धरला तर १७४, म्हणजे हा मध्यम ते जोराचा व्यायाम झाला. फुगडीत मनगट आवळलेलं असतं म्हणून घड्याळ तेव्हा काहीही आकडे दाखवतं, ते बघू नका.

पण खरं सांगू का, मी टिकले ती ठोक्यांमुळे नाही. माझी जोडीदार आहे ना, पोळीभाजी केंद्र चालवते ती, मी नाही गेले तर तिची फुगडी अडते. तिला बाजूला बसावं लागतं नाहीतर तिघींच्या फुगडीत घुसावं लागतं. आठ वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन येतो, कुठेयस गं, आणि मी जिने उतरत असते. जिममधल्या मशीनला माझी वाट बघायचं कारण नव्हतं.

आता वजनाचं, कारण त्यासाठीच तुम्ही वाचताय. माझं साडेचार किलो कमी झालंय आणि कंबर त्याहून जास्त जाणवण्याइतकी उतरली, सलवारच्या नाड्या सगळ्या आत घ्याव्या लागल्या. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात आणि मी अजून त्याच्या वर आहे, पण दिशा बरोबर आहे. फक्त हे सगळं खेळांनी झालं असं मी सांगणार नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, आणि ७० किलोच्या बाईने तासभर बऱ्या वेगाने चाललं तर जेमतेम २००-२५० जातात, खेळात त्याहून जास्त जात असतील पण जादू नाही होत. जेवण बदलावंच लागलं. श्रावणात तर आमच्या क्लासमध्ये दर आठवड्याला कुणाची ना कुणाची साबुदाण्याची खिचडी यायची, दाण्याचा कूट, तूप, बटाटा, एक भरलेली प्लेट आरामात ३५०-४०० कॅलरी, म्हणजे आत्ता जे घालवलं ते हॉलच्या दारातच परत. मी ताईंना स्पष्ट सांगितलं की हे बंद करूया, तर त्यांनी ऐकलं आणि आता ताक किंवा फळं असतात. रात्री घरी गेल्यावर मी भाकरी, मटकीची किंवा मुगाची उसळ आणि कोशिंबीर खाते, भात दुपारी. उपाशी राहून खेळायला जाऊ नका, पाच-साडेपाचला फुटाणे नाहीतर एखादं केळं खाऊन जा.

अजून एक हिशोब. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. क्लासचे तीन दिवस धरून २२५ मिनिटं होतात खरी पण त्यात आपला नंबर येईपर्यंत उभं राहणं, गाणं पाठ करणं, नवीन खेळ समजून घेणं यात बराच वेळ जातो, म्हणून बाकीच्या दिवशी मी स्टेशनपर्यंत रिक्षा न करता चालत जाते. तेवढं केलंत तर बसतं गणित.

तक्रारी पण आहेत. हॉलची फरशी कडक आणि गुळगुळीत आहे, उड्यांच्या खेळांना ती अजिबात चांगली नाही, सतरंजी टाकली तर ती सरकते. मी दोनदा सुचवलंय की रबरी मॅट घेऊया, वर्गणी काढून सुद्धा चालेल, अजून झालेलं नाही. दुसरं, जुलै आला की कार्यक्रमांच्या सुपाऱ्या सुरू होतात आणि क्लासचं सगळं लक्ष कार्यक्रम बसवण्यावर जातं, पुढच्या रांगेत कोण, साडी कुठली, आणि पुढच्या रांगेत बहुतेक वेळा बारीक मुलीच उभ्या केल्या जातात. हे मला पटत नाही. तब्येतीसाठी आलेल्या बायकांना त्या दोन महिन्यांत कमी खेळायला मिळतं, निम्मा वेळ टाळ्या वाजवत बसावं लागतं. ताईंनी दोन वेगळ्या बॅच कराव्यात, एक कार्यक्रमाची आणि एक आमच्यासारख्यांची, मागणी भरपूर आहे.

तिसरी गोष्ट जी कुणी मोठ्याने बोलत नाही. बाळंतपणं झालेल्या खूप बायकांना उडी मारताना किंवा जोरात फिरताना लघवीचे थेंब जातात, आणि लाजेने त्या क्लास सोडून देतात. आमच्यातल्या दोघी अशाच गेल्या. हे वयाचं भोग म्हणून सोडून द्यायचं नसतं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात, नियमित केले तर बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. क्लास घेणाऱ्या प्रत्येक ताईने पहिल्याच दिवशी हे उघड सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गुडघे दुखत असतील तर बस फुगडी, कोंबडा वगैरे उकिडवे खेळ सोडा, झिम्मा आणि उभ्या फुगड्या पुरतात. कानाचा चक्करचा त्रास, ताब्यात नसलेलं बीपी, हाडं ठिसूळ झालेली, गरोदरपण, यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुगडी नकोच. आमच्या ताई नाव नोंदवतानाच हे सगळं लिहून घेतात, ही चांगली पद्धत आहे, तुमच्याकडे विचारत नसतील तर तुम्ही स्वतःहून सांगा.

वर्षभर चालतं का हा प्रश्न मला सगळ्या विचारतात. श्रावण झाला की भाद्रपदात गौरी-गणपतीच्या फुगड्या, आमच्यातल्या सिंधुदुर्गच्या बायका तेव्हा गावाला जातात आणि रात्र रात्र खेळून येतात, त्यांच्या पायांचा वेग बघून आम्ही शिकतो. मग आश्विनात भोंडला, तो हळू असतो, त्याच्यात फेरा धरून नुसतं चालणं होतं म्हणून व्यायाम म्हणून मी त्याला फार मार्क देणार नाही. नंतर थंडीत गुढीपाडव्याची तयारी सुरू होते. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने १९९९ ला नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली ती आता सगळीकडे निघते, तर त्या यात्रेसाठी ताई लेझीम घेतात, आणि लेझीम म्हणजे काय सांगू, शाळेतल्या कवायतीच्या तासानंतर पहिल्यांदा हातात घेतली, खाली बसून पवित्रा घेताना मांड्या थरथरतात आणि तरी त्या झणत्काराने सोडवत नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये परीक्षा, लग्नं आणि उकाडा यामुळे क्लास रडतखडत चालतो, हॉलला दोनच पंखे आहेत. त्या दिवसांत वेळ सकाळी सहाची केली तर मी यायला तयार आहे.

एक गोष्ट मात्र या ग्रुपची खास लिहायची राहिली. मंगळागौर ही पूर्वी नवीन लग्न झालेल्या सवाष्णींची, पहिली पाच वर्षं पूजायची. इथे क्लासला कोणीही येतं. नवरा गेलेल्या एक काकू आहेत, साठी उलटलेली, माहेरी लहानपणी भरपूर खेळलेल्या आणि मधली कितीतरी वर्षं हात जोडून बाजूला बसलेल्या. आता कासव फुगडी त्याच आम्हाला शिकवतात, आणि पंचविशीतल्या मुली त्यांच्याशी जोडी लावायला रांग लावतात. लग्न न झालेल्या आहेत, घटस्फोट झालेल्या आहेत, कुणी कुणाला कपाळ बघून विचारत नाही. क्लास शोधताना ही गोष्ट नक्की बघा, काही ठिकाणी अजून नाही असं.

पाचपैकी चार देतेय. मॅट आल्या आणि बॅच वेगळी झाली की पाच. जाण्याआधी एखाद्या संध्याकाळी नुसतं बसून बघू द्याल का असं विचारा, चांगले ग्रुप नाही म्हणत नाहीत, आणि जोडीला एक मैत्रीण घेऊन जा म्हणजे पहिल्या दिवसापासून धरायला हात असेल.