ग्रीन बिल्डिंगमधला फ्लॅट: उन्हाळ्यात पास, गरम पाण्यात नापास

परवा मेंटेनन्सचं बिल आलं आणि डोकं फिरलं. पावसाळाभर सोलर वॉटर हीटरचा (ऊन नसताना चालणारा) विजेचा बॅकअप हीटर कॉमन मीटरवर चालला, त्याचे पैसे सगळ्यांच्या माथी. वर आम्हाला तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी कधी? आधी बादलीभर गार पाणी सोडलं की मग!

गरम पाण्याची टाकी अकराव्या मजल्यावरच्या गच्चीत. रात्रभर पाइपमध्ये साचलेलं पाणी गार होतं आणि ते निघून गेल्याशिवाय गरम धार येत नाही. मी ते फरशीला वापरतो, पण बरेचजण सरळ मोरीत सोडतात. दारावर मात्र हिरव्या पानाची 'ग्रीन बिल्डिंग' पाटी. उपाय साधा आहे: रिटर्न लाइन (पाणी परत टाकीकडे नेणारा पाइप) टाकायची, छोट्या पंपाने पाणी फिरतं ठेवायचं, पाइपला इन्सुलेशन करायचं. बिल्डरचा माणूस म्हणतो, "डिझाइनमध्ये नव्हतं." आणि ती पाटीही नीट वाचा. आमची 'प्री-सर्टिफाइड' आहे, म्हणजे मार्क नकाशाला मिळालेत, उभ्या इमारतीला नाही. फायनलचं विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे".

दिवाळीत कुणी विचारलं असतं तर 'घेऊ नका' म्हणालो असतो. पण एप्रिल-मे काढल्यावर तसं म्हणवत नाही. पश्चिमेच्या खोलीतही एसी घ्यावासा वाटला नाही. कारण उष्णता अडवणाऱ्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती (खिळा मात्र धरत नाहीत, साधं घड्याळ टांगायलाही वेगळा फास्टनर आणावा लागतो) आणि खिडक्यांवर खोल छज्जे. घर बघायला जाल तेव्हा सेल्सवाल्याला 'आरईटीव्ही किती?' विचारा. आरईटीव्ही म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं माप; 2018 च्या इको निवास संहितेत (घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे सरकारी नियम) त्याला चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा आहे. हे विचारलं की सेल्सवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पंखे मी स्वतः बदलले. जुने 75 वॅटचे, नवे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) तीसच्या आसपास. विजेचं बिल बहुतेक महिने 100 युनिटच्या आत, म्हणजे सगळ्यात स्वस्त स्लॅबमध्ये. माझ्यासारख्या चिकटाला यापेक्षा काय हवं! शिवाय पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी यांतला एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात 5 टक्के, दोन असतील तर 10 टक्के सूट देते. अट एकच, प्रकल्प चालू हवेत. म्हणून सोलर मोडीत काढा म्हणणाऱ्यांना मीच गप्प करतो.

पाचपैकी साडेतीन. रिटर्न लाइनचं कोटेशन सोसायटीच्या सभेत ठेवलंय. विरोध नववा, दहावा आणि अकरावा मजला करतोय, त्यांना नळ उघडला की लगेच गरम धार येते ना.